तीन स्वयंचलित गाड्या आणि एक चढ

प्रति,
माननीय वाहन अधिकारी,
घरभेट आरोग्य सेवा,
मुख्य कार्यालय.

विषय : स्वयंचलित गिअरच्या गाड्यांची विश्वासार्हता व कामगिरी यांचा तुलनात्मक अहवाल, तसेच लिलावासाठी काढलेली जुनी गाडी विनापरवानगी नेल्याबद्दल खुलासा.

संदर्भ : (१) आपले अहवाल मागवणारे पत्र. (२) आपलीच कारणे दाखवा नोटीस. दोन्ही एकाच पाकिटात मिळाली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, पहिल्या पत्रात आपण मला ‘अनुभवी वाहनचालक’ म्हटले आहे आणि दुसऱ्या पत्रात ‘बेजबाबदार’. दोन्ही पत्रे शेवटी एकाच गाडीपाशी येऊन थांबतात, म्हणून उत्तरही एकच देत आहे. वेगवेगळे लिहिण्याचे त्राण उरलेले नाही. कृपया हा उद्धटपणा समजू नये.

१. मी घरभेट परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन जखमा धुणे, नळ्या बदलणे, वेदना थांबवणारी इंजेक्शने देणे हे माझे काम. अपघातानंतर माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. क्लच दाबणे जमत नाही, त्यामुळे माझ्या परवान्यावर फक्त स्वयंचलित गिअरच्या गाडीची नोंद आहे. आपले लिपिकसाहेब मला दर भेटीत “मजा आहे बाई तुमची, पाय हलवायलाच नको” असे म्हणतात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले. ही हौस नाही.

२. माझे बहुतेक रुग्ण ज्या वस्तीत राहतात तिथे जायला एकच रस्ता आहे. तो अरुंद आहे आणि भिंतीसारखा उभा चढतो. मधे वळायला जागा नाही. खाली येणारा टेम्पो दिसला की वर जाणाऱ्याने चढावरच थांबायचे आणि तिथूनच पुन्हा निघायचे. गाड्यांची तुलना सपाट रस्त्यावर करायची असेल तर माझा अहवाल निरुपयोगी समजावा.

३. जुनी राखी गाडी. वर्कशॉपच्या फोरमनने सांगितल्याप्रमाणे हिच्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच नसून तेल आहे. इंजिन तेल फिरवते, तेल पुढचे सगळे फिरवते. त्यामुळे गाडी आळशी. पाय दाबला की आधी ऐकून घेते, मग निघते. पेट्रोल फार पिते हा आपला आक्षेप अगदी खरा आहे. पण चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी ती मागे येत नाही. जरा थबकते आणि हळूच पुढे सरकते. वेळच्या वेळी तेल बदलले की तिची दुसरी काही मागणी नसते. तिने मला रस्त्यात कधीही सोडलेले नाही. वय झाले म्हणून आपण तिला आवारात उभी केलीत, तेव्हा तिच्याबद्दल तक्रार कोणाचीच नव्हती.

४. पांढरी छोटी गाडी. हिचा गिअरबॉक्स साधाच आहे, फक्त क्लच दाबायला माणसाच्या जागी यंत्र बसवलेले आहे. पेट्रोल वाचते, मान्य. पण गिअर बदलताना यंत्राला विचार पडतो आणि तेवढ्या वेळात आत बसलेल्यांच्या माना होकार दिल्यासारख्या हलतात. एकदा चढावर टेम्पोसाठी थांबले होते. ब्रेक सोडून यंत्राने क्लच धरेपर्यंत गाडी मागे घरंगळली आणि रंगाच्या दुकानाबाहेर रचलेल्या डब्यांवर आदळली. दुकानदार बाहेर आला, माझा पाय बघितला आणि शिव्या गिळून डबे उचलू लागला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

याबाबत तक्रार केली असता ‘चालकास प्रशिक्षण द्यावे’ असा शेरा आला. प्रशिक्षक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच तासाला अर्धा क्लच कसा धरावा ते शिकवायला घेतले. मी पाय दाखवला. ते म्हणाले, “तरी माहिती असलेली बरी.” मी उत्तीर्ण झाले. त्यानंतर हँडब्रेक ओढून चढायची सवय केली, तर चढावर सतत घासून क्लच जळाला. नवा बसवला, तोही जळाला. ती गाडी सध्या वर्कशॉपमध्ये आहे.

५. निळी गाडी. हिच्यात गिअरच्या पायऱ्याच नाहीत. दोन चाकांवरून एक पट्टा सरकतो आणि वेग आपोआप बदलतो. सपाट रस्त्यावर हिच्याइतकी गुणी गाडी नाही. एका रुग्णाच्या पत्नीला डोळे तपासायला नेले होते, ती परत येईपर्यंत गाढ झोपली होती. चढावर मात्र इंजिन नुसते ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. पट्टा तापला की लाल दिवा लागतो. मग गाडी स्वतःला जपू लागते, म्हणजे माणसाच्या चालीने चालते. कंपनीच्या लोकांनी तपासून ‘दोष आढळला नाही’ असे लिहून दिले. त्यांनी ती आवारात गोल फिरवून पाहिली होती.

६. आपल्या पत्रात आपण स्वतः वापरत असलेल्या गाडीचाही विचार व्हावा असे म्हटले आहे. तिच्यात दोन क्लच आहेत असे कळते. मी ती चालवलेली नाही. मागे एका बैठकीला जाताना मागच्या सीटवर बसले होते. निघताना गाडी जोरात होती. पुढे वाहतूक खोळंबली, गाडी थांबत-सरकत राहिली आणि ‘गिअर तापला आहे, थांबा’ अशी सूचना आली. आपण आणि मी पदपथावर उभे होतो. आपण तेव्हा म्हणाला होता, “नवीन आहे, होतं असं.” याहून जास्त मला सांगता येणार नाही.

७. आता नोटिशीबद्दल. चढाच्या अगदी टोकाला बसचे निवृत्त चालक राहतात. वस्तीतले सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. कर्करोग हाडांपर्यंत गेला आहे. सकाळचे इंजेक्शन चुकले तर ते ओरडू लागतात, आणि ते ऐकून शेजारची माणसे खिडक्या लावून घेतात. एरवी फार बोलके आहेत. ऑटोमॅटिक गाड्यांचा त्यांना तिटकारा. “गाडीच सगळं करते, मग तू काय करतेस गं?” असे मला विचारतात. खालून गाडीचा आवाज आला की पडल्या पडल्या तिचे दुखणे ओळखतात. अजून एकदाही बरोबर ओळखलेले नाही.

त्या सकाळी निळी गाडी आवारातच अडून बसली. गिअर टाकला तरी ढिम्म. मी आपल्या कार्यालयात पर्यायी वाहन मागितले, तेव्हा लिपिकसाहेबांनी मागणी लेखी द्यावी असे सांगितले. लिहीत असतानाच काकांच्या मुलीचा फोन आला. ती शाळेत शिकवते, आवाज कधी चढवत नाही.

ती म्हणाली, “तुम्ही कुठे आहात? बाबांना धरून ठेवायला दोघं लागतायत.”

मी म्हटले, “गाडी बंद पडली.”

“तुमच्या गाड्यांची नाटकं आम्ही किती दिवस ऐकायची? त्यांना काय सांगू मी, गाडी तापलीये म्हणून?”

तिच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. आदल्या आठवड्यात मी तो चढ पायी चढले होते. कृत्रिम पाय जिथे बसतो तिथली कातडी सोलवटली होती, ती भरलेली नव्हती. भाड्याची गाडी बोलावली तर तो चढ ऐकूनच चालक नाही म्हणतात.

जुनी राखी गाडी समोरच उभी होती. काचेवर लिलावाचा कागद होता. मी किल्ली घेतली. कोणी दिली हे विचारू नये. मी घेतली एवढे पुरेसे आहे. बॅटरी उतरलेली होती आणि ही गाडी ढकलून सुरू होत नाही, म्हणून कँटीनच्या व्हॅनला वायरी जोडून ती सुरू केली. निघाली तेव्हा धूर फार झाला. चढावर टेम्पो आडवा आला, मी थांबले, ब्रेक सोडला, गाडी थबकली आणि पुढे सरकली. महोदय, तेव्हा मला रडू आले. हे अहवालात बसत नाही, पण कामगिरीबद्दल आपण विचारले आहे.

मुलीने दार उघडले. इंजेक्शन दिले आणि आम्ही दोघी काकांच्या उशाशी बसलो. हळूहळू त्यांच्या मुठी सैल पडल्या. बऱ्याच वेळाने काकांनी डोळे न उघडताच विचारले, “आज कुठली आणलीस?”

“जुनी.”

“वाटलंच. क्लच घासतोय तिचा.”

मी हो म्हटले. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिकडेच उभी राहून रडली.

८. परत येताच पुराव्यादाखल गाडीचे फोटो काढण्याचे काम सुरू झाले. त्यानंतरचा आदेशही मिळाला : योग्य वाहन उपलब्ध नसल्याने माझी बदली दवाखान्यातल्या नोंदणी खिडकीवर, आणि चढावरच्या रुग्णांनी यापुढे दवाखान्यात स्वतः हजर राहावे. ड्रायव्हरकाकांना कूस बदलायला माणूस लागतो. ते हजर कसे राहणार याबाबत आदेशात मार्गदर्शन नाही.

९. तुलनेचा निष्कर्ष असा : पट्ट्याची गाडी सपाटीवरच्या परिचारिकेला द्यावी, ती दुवा देईल. यंत्राने क्लच दाबणारी गाडी कार्यालयीन टपालासाठी ठेवावी. दोन क्लचची आपणांस लाभो. चढासाठी तेलाची गाडी हवी, नवी घेता आली तर नवी, नाहीतर आहे तीच. वेगाने पोचणारी गाडी मला नको, पोचणारी हवी.

१०. वस्तीतल्या लोकांना लिलावाचे कळले आहे. काकांची मुलगी त्या दिवशी शाळेतून रजा घेऊन येणार आहे आणि चढावरच्या सगळ्या घरांच्या वतीने बोली लावणार आहे. कर्मचारी म्हणून मला बोली लावता येत नाही, तसेच मी त्यांना असे करा असे सांगितलेलेही नाही. गाडी त्यांना मिळालीच, तर ती चालवायला त्यांना माणूस लागेल. खाजगी मालकीच्या गाडीने घरभेटी करण्याची मला परवानगी मिळावी, एवढी एकच विनंती. पेट्रोल ते घालतील.

नोटिशीत सांगितलेली शिक्षा मला मान्य आहे, ती पगारातून कापावी अथवा सेवापुस्तकात नोंदवावी. बदली मात्र मान्य नाही. परवानगी येईपर्यंत मी पायी जाणार आहे आणि घरोघरी तसे सांगून ठेवले आहे, की उशीर होईल पण येईन. या अर्जाचे उत्तर नोंदणी खिडकीच्या पत्त्यावर पाठवू नये. तिथे मी सापडणार नाही.

कळावे. थकलेली, तरी नम्रच,

(सही)
घरभेट परिचारिका, वरची वस्ती

सोबत : प्रशिक्षण उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्राची प्रत, परवान्याची प्रत, वर्कशॉपचे शेरे.