सप्रेम भेट

३ मार्च

आज नव्या घरी आलो. मालकीणबाईंनी आम्हां उभयतांना तळमजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या आहेत. पत्नीच्या गुडघ्यांना आता जिना चढावा लागणार नाही आणि सकाळचे ऊन थेट तिच्या खुर्चीवर येते. मोबदल्यात मी त्यांच्या घराण्याच्या संग्रहातील वस्तूंसाठी परिचयपट्ट्या लिहायच्या. मालकीणबाईंचे पणजोबा फौजेत होते; समुद्रापलीकडचे एक राज्य जिंकताना तिथल्या राजवाड्यातून त्यांनी या वस्तू आणल्या. महिनाअखेर त्या संग्रहालयात जातील. चाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाला हे काम म्हणजे हातचा मळ.

सामान लावताना पत्नीची सोन्याची बांगडी दाराच्या कडीत अडकली. मनगट जाडावल्यामुळे ती कित्येक वर्षांत निघालेली नाही. साबण लावून पाहा, असे मी सुचवले. त्यावर ती म्हणाली, की बांगडीचे आणि नवऱ्याचे सारखेच. आवळतात, पण सुटत नाहीत.

६ मार्च

पणजोबांची पत्रे वाचली. शुद्धलेखन भयंकर, मजकूर त्याहून भयंकर. राजवाडा पेटवण्यापूर्वी शिपायांनी दालने लुटली. चांदीचा पेला एका म्हाताऱ्याच्या ओठांपासून हिसकावला. हस्तिदंती फणी केसांत होती, केसांसकट ओढली. राजमातेचे कंकण मनगटातून निघेना. ‘आम्ही तिघे होतो. शेवटी निघाले,’ एवढेच पणजोबा लिहितात.

पट्ट्यांवर हे लिहावे काय, असे मालकीणबाईंना विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, काका, गाडलेली मढी कशाला उकरता? ‘राजघराण्याकडून सप्रेम भेट’ लिहून टाका, संग्रहालयवाले खूश. आणि खोल्या आवडल्या ना तुम्हांला?

गुडघे, जिना, ऊन. मी लिहिले. तिन्ही पट्ट्यांवर, अत्यंत सुवाच्य अक्षरात.

९ मार्च

सकाळी पेल्याखाली पहिली पट्टी ठेवून कपाटाला कुलूप लावले. खोलीत परतलो, तर पत्नीच्या ओठाला खोक पडलेली. ती पाणी पीत असताना तीन परके पुरुष आले, म्हणे. बोलणे सभ्य, बूट चिखलाने भरलेले. तिचा पितळी पेला घेऊन गेले. दिलास कशाला, असे मी रागावून विचारले. ती म्हणाली, दिला कुठे? घेतला.

भुरटे चोर असावेत. माळ्याला फाटकाकडे लक्ष ठेवण्यास बजावले आहे.

११ मार्च

फणीखाली पट्टी ठेवून आलो. पत्नी जमिनीवर बसलेली. तिची लाकडी फणी गेली; एक बट मुळासकट गेली. तेच तिघे. फरशीवर चिखल आणि राख. माळी सांगतो, फाटक उघडलेच नाही.

कपाट उघडले. किल्ली माझ्याच खिशात होती. चांदीच्या पेल्याशेजारी हिचा पेला. हस्तिदंती फणीशेजारी हिची फणी. दातांत पांढरे केस. दोहोंखाली पट्ट्या: ‘सप्रेम भेट’.

अक्षर माझे. या दोन मी लिहिलेल्या नाहीत.

१२ मार्च

कंकणाची पट्टी ठेवणार नाही. फाडायला गेलो, फाटेना. टेबलाच्या खणात, वह्यांखाली दडवली. हिला कारण सांगितले नाही, उगाच घाबरेल.

साबण लावला, तेल लावले. बांगडी निघत नाही. सोनाराला निरोप धाडला. उद्या येऊन कापून देईल. मग इथून निघू. जिना असला तरी चालेल.

१३ मार्च

दुपार झाली. सोनार नाही.

खणात पट्टी नाही —

हिला विचारले. कौतुकाने सांगते, अहो, विसराळू झालात. मीच ठेवून आले कंकणाखाली, किल्ली तुमच्या कोटात होती.

कपाटाकडे धावलो. कुलूप उघडत नाही. किल्ली तीच, तरी —

दाराला टेबल लावले. लिहितो आहे, म्हणजे कोणीतरी —

चिखल. दाराच्या आत. दार बंदच.

तिघे. टोप्या काढून उभे. मी म्हणालो, लूट होती, लूट, मीच खोटे लिहिले, मी पुन्हा लिहितो. ते ऐकून घेतात.

ही विचारते, माझा हात एवढा घट्ट का धरलात?

त्यांना सांगितले, बांगडी निघत नाही हो. त्यातला एक अगदी सौम्यपणे म्हणाला, शेवटी निघ