पाव हिस्सा मोठा

४ मार्च
ठकी आली! नात माझी. पोरं गणितात का चुकतात यावर रिसर्च करते. आता कमी शिकलेल्या बायका हिशेब कसा करतात ते बघायचंय म्हणे. म्हटलं, दुसरी नापास बाई घरातच बसलीय की! तिने रेकॉर्डिंगला फोन उभा करून विचारलं, सफरचंदाचा तिसरा हिस्सा मोठा की पाव? मी म्हटलं, तिसरा. मान डोलावून पुढचा प्रश्न. अशी पटापट बरोबर सांगत गेले तर पोरगी परवा निघेल.

५ मार्च
बेत ठरला. चुकायचं. म्हटलं, पाव मोठा, तिनापेक्षा चार मोठे ना! ठकीने खुर्चीच पुढे ओढली. आजी, काल तर तिसरा म्हणालीस? म्हटलं, कालचं सफरचंद लहान होतं. जेवण गार होईपर्यंत का नि कसं विचारत बसली. शाळेत चुकले की छडी, इथे लाड!

१९ मार्च
सूनबाई मध्येच म्हणाली, आई, केकचा मोठा तुकडा बरा ओळखता! भोचक मेली. मी ठणकावलं, तो हाताचा हिशेब, हा डोक्याचा. ठकीने तेही लिहून घेतलं.

६ एप्रिल
माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही. आता कुठली जातेय! मागची खोली तिला द्यायची. शिलाई मशीन हलवायला गेले, कंबर धरली. उद्या बघू.

२ मे
माझ्या चुकांवर ठकीचा पेपर छापून येतोय. त्यावर लांबच्या विद्यापीठाने नोकरीही दिली. मिठी मारून म्हणाली, आजी, तुझ्यामुळे! सगळं मुद्दाम केलं होतं गं, हे अगदी ओठांवर आलं. पण तिचा चेहरा इतका फुलला होता, गिळून टाकलं. एवढंच म्हटलं, अजून पुष्कळ चुका आहेत माझ्याकडे. हसली. म्हणाली, पुरे झाल्या, आजी.

११ जून
ठकीचा फोन. रिसर्चला नवी शाळा, नवी पोरं, मजेत आहे. विचारलं, चुकतात का गं ती? म्हणाली, खूप!
मग काही ती लवकर यायची नाही.