कांद्यासारखे कापलेले कंद

श्रीनगर

प्रिय सत्यशीला,

मी इथं खुशाल हाय. थंडी लई, पण मालकानं दोन रजया दिल्यात. आईचे गुडघे कसे हायेत? शेळी व्याली का?

सध्या बागेत ट्युलिपचे कंद लावतोय. दिसायला थेट कांदा. हिवाळाभर बर्फाखाली राहतात आणि चैतात फुलतात म्हणे. कांद्याचं बी धरताना आपण वरचा भाग कापून लावतो ना, मला वाटलं तसंच असंल. कुणाला न विचारता पाटीभर कापले.

म्हातारा माळी डोक्याला हात लावून बसला. मग त्यानं एक चांगला कंद उभा चिरून दाखवला. आत तांदळाएवढं फूल होतं, पाकळ्यांसकट. मातीत जायच्या आधीच ते तयार असतं.

दुपारी जेवण गेलं न्हाई. मागल्या साली उसाच्या फडात तू म्हणालीस, "आज लई दुखतंय." मी म्हणालो, "एवढी गाडी भरू, मग बस." तिसराच महिना, आत काय असणार, असं वाटलं मला. सांजेला सगळं गेलं. त्यावर मी तुझ्याशी एक शब्द बोललो न्हाई.

फोनवर हे जमलं नसतं, म्हणून लिहितोय. आता पुन्हा तिसरा लागलाय. ऊसतोडीची टोळी निघाली तरी तू जाऊ नको. घरी पाण्याचा हंडासुद्धा उचलू नको.

आईला नमस्कार सांग. ती तुला जा म्हणंल. तेव्हा हे पत्र तिला वाचून दाखव.

तुझा,
अंगद