पाच किलो गव्हाएवढा गेम

३ नोव्हेंबर २००३, सोमवार
दिवाळीच्या भाजण्या एकदाच्या संपल्या. गिरणीत आज दुपारी चक्क स्टुलावर बसायला मिळालं.
हे शुक्रवारी रिटायर झाले. ओझरच्या कारखान्याची बस आता नाही, तरी पहाटे दाढी करून, बूट घालून तयार. कुठे जायचं कळेना म्हणून गिरणीत आले आणि लोकांचे डबे उंचीप्रमाणे ओळीने लावून ठेवले. कुणाचा नंबर कुठला, सगळा घोळ. बाजरीवर गहू गेला. देशमुख बाईंची पोळी आज काळपट होणार.
सोडून दिलं. पहिलाच सोमवार.
ह्यांचा एक शब्द मात्र माझ्याकडे जमा आहे. रिटायर झालो की वणीच्या गडावर दोघं बरोबर जाऊ, असं म्हणाले होते. गडावर जातो तसे दर वर्षी, पण मी निम्म्या पायऱ्यांवर असते तेव्हा हे दर्शन उरकून, हातात प्रसाद घेऊन खाली उतरताना भेटतात. "जा, गर्दी नाहीये." एवढा संसार झाला, देवीसमोर दोघं एकत्र कधी उभे राहिलो नाही.

९ नोव्हेंबर, रवि.
ह्यांनी माळा काढला. संदीपचा शाळेतला टीव्ही गेम निघाला. संदीप पुण्यात नोकरीला, त्याला काय त्याचं. वायरी, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. मी म्हटलं भंगारात द्या. हे म्हणाले, "चालतो का बघू." म्हणजे झालंच. दिवसभर सोल्डरचा वास. संध्याकाळी गिरणीतल्या छोट्या टीव्हीवर चित्र आलं.
दोन शिपाई. एक निळा, एक लाल. पळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. गोळी नुसती चाटून गेली तरी मेला. प्रत्येकाला तीन जीव. आधी जंगल, मग पूल, धबधबा, कारखाना, शेवटी एक राक्षस.
मला लाल दिला. पहिल्याच खड्ड्यात तिन्ही जीव घालवले. हे इतके हसले की चहा सांडला. बऱ्याच दिवसांनी.

१२ नोव्हेंबर
बुधवारचा बाजार, गोदाकाठी गंगेवर. हे पुढे, मी मागे, पिशव्या दोघांकडे. मेथी बघायला वाकले, मान वर केली तर हे गायब. ह्यांच्या तोंडापेक्षा पाठ माझ्या जास्त ओळखीची, म्हणून गर्दीत पाठच शोधत जाते. तीन चुकीच्या पाठी सापडल्या. शेवटी रिक्षा स्टँडवर उभे. "कुठे राहिलीस?"
गुडघा ठणकतोय. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या कमी करा. गडाचं विचारलं तर म्हणाले, ह्या वर्षी जमेल कदाचित, पुढच्या वर्षीचं सांगत नाही.
म्हणजे हेच वर्ष.

१५ नोव्हेंबर
गेम आता गिरणीतच राहिला आहे. दळण होईपर्यंत लोक खेळतात. आधी बाकावर बसून माझ्या मोटारीला नावं ठेवायचे, आता गेमला ठेवतात. मोटार चालू केली की टीव्हीतलं चित्र आकसतं. मग ओरडा, "काकू, थांबा, पुलावर आहे मी." थांबते मी पण. काय करणार.
पगारे पोस्टमन यात पटाईत. तरुणपणी नाशिकरोडला गेम पार्लरमध्ये पडीक असायचे म्हणे. एकट्याने सगळा गेम संपवला आणि त्याच वेळी त्यांच्या गव्हाचा डबा भरला. "काकू, पाच किलो गव्हात बसतो बघा हा गेम. बारीक दळला तर."
आता सगळे तेच माप लावतात. धबधब्यापर्यंत गेलेला म्हणतो, मी अडीच किलोपर्यंत पोचलो.

२२ नोव्हें.
आज मतं गोळा झाली. लिहून ठेवते, गंमत म्हणून.
पगारे: छोटा आहे तेच बरं. "माझी टपालाची बीट एवढीच असती तर मीही रोज दोनदा केली असती."
चित्रा (मागच्या गल्लीतली, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते): "काकू, शिपायाला नाक-डोळेच नाहीत, नुसते चौकोन. आणि एवढासा गेम कुणी विकत घेतं?" असं म्हणून अर्धा तास रिमोट सोडला नाही. तिची ज्वारी दळून गार झाली.
देशमुख बाई: कोण कुणाला का मारतंय ते आधी कळायला हवं. (पोळीचा राग अजून आहे.)
हे: कारखान्याच्या लेव्हलवर फार नाराज. "वरून लोखंड पडतंय, खाली आग, एकाच्या डोक्यावर हेल्मेट नाही. असा कारखाना असतो का?"
मी: मला ती पंख्यासारखी पसरणारी बंदूक आवडते. आमच्याकडे तिला फवारणी म्हणतात. ती मिळाली की नेम धरावा लागत नाही.

३० नोव्हें.
इंग्रजीची चार अक्षरं ह्या वयात शिकले. स्टार्ट, पॉज. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. पॉज फार उपयोगी. दळण ओतायला उठले की दाबून ठेवते, सगळे शिपाई, सगळ्या गोळ्या हवेत लटकून माझी वाट बघतात.
ह्यांना पॉज आवडत नाही.

८ डिसेंबर
धबधब्याचं कोडं. जंगलात दोघं बरोबर असल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. मी मागे राहिले की ह्यांचा निळा पडद्याच्या कडेला अडकून जागच्या जागी पळत राहतो, मला बघवत नाही इतकं हसू येतं. पण धबधब्यात उलटं. तिथे वर चढायचं असतं, आणि जो वर गेला त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. खाली राहिला तो पडद्याबाहेर, म्हणजे मेला. शत्रू नको, गोळी नको. जोडीदारच मारतो.
हे उड्या मारत वर. माझे तिन्ही जीव तिथेच गेले.
"लवकर चढत जा ना."
पगारे म्हणाले, दोघांनी हा धबधबा जिवंत पार केलेला त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांच्या मते हा गेममधला दोषच आहे. चित्रा म्हणते दोष नाही, मुद्दाम केलंय, भांडणं लावायला.

१६ जानेवारी २००४
संक्रांत झाली. तिळगूळ गिरणीत वाटला. संदीपचा फोन, "आई, बाबा गेम खेळतात? माझा खेळ तर ते तारा काढून बंद करायचे." सांगितलं ह्यांना. कानावर पडलंच नाही असं दाखवून गेले.
गडाचा विषय काढला. "जाऊ की. पाडव्यानंतर." म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. मी म्हटलं, बरोबर. "हो, बरोबर."
बरोबर ह्या शब्दाचा ह्यांचा अर्थ एकाच बसमधून एवढाच असावा.

२ फेब्रुवारी
हिराबाई आली नागली (नाचणी) घेऊन. सुरगाण्याकडची, दर वर्षी द्राक्षाच्या कामाला नवऱ्याबरोबर इकडे येते. नागली मी सगळ्यात शेवटी घेते, दगड झाडून. तोवर ती बाकावर. आम्ही दोघं खेळत होतो, ती बघत होती. पदर तोंडाला लावून, गंभीर.
मी धबधब्यात मेले. नेहमीसारखी.
हिराबाई म्हणाली, "मावशी, ही नवरा-बायको हायेत का?"
"कोण गं?"
"निळा नि लाल. लाल बायको दिसती."
"असेल."
"मंग निळा थांबत का नाय? वर काय जेवण वाढलंय का त्याला?"
बाकावरचे सगळे हसले. हे नाही हसले. हिराबाईला पण त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, तिने खरंच विचारलं होतं. नागलीचा डबा डोक्यावर घेऊन गेली. ह्यांनी तिला दार धरलं.

५ फेब्रु.
आज मी आधी चढले. ठरवून नाही. फवारणी मिळाली, अंगात आलं, उड्या जमत गेल्या. मागे बघायचं राहिलं. खालून आवाज, "अगं, अगं, अगं."
निळा पडद्याबाहेर. मेला.
"थांबायचं नाही का?" हे म्हणाले.
मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि चष्मा पुसत बसले. पीठ फार बसतं गिरणीत चष्म्यावर, तेही खरं.
रात्री जेवताना एकदम म्हणाले, "गडावर माझ्यामागे तुला किती वेळ लागायचा?"
मी म्हटलं, कधी मोजलं नाही. आमटी वाढली.

१४ फेब्रु.
गिरणीच्या दगडाला टाकी लावून घेतली, खाचा पुन्हा धारदार. दळण छान बारीक पडतंय. पगारेंची तक्रार, दळण लवकर होतं, गेमला वेळ पुरत नाही.
धबधब्यात आता बोलून चढतो आम्ही. "चढू?" "चढा." "थांबा, मी खडकावर नाही." "आलीस?" "आले." चित्रा म्हणते दोघं गवंडी वाटता, विटा वर देताय. दोनदा हे विसरले. एकदा मी.

२७ फेब्रु.
पार. दोघंही जिवंत. माझा एक जीव, ह्यांचा एक.
बाकावर पगारे, चित्रा, देशमुख बाई. कुणी आपल्या डब्याकडे बघेना, पीठ भरून डब्याबाहेर सांडायला लागलं. वर पोचल्यावर काही खास नाही, नुसतं एक पठार आणि तेच संगीत. तरी देशमुख बाईंनी टाळ्या वाजवल्या. कोण का मारतंय ते आता विचारत नाहीत.
पगारे म्हणाले, "माझं मत बदललं. दोष नाहीये."
चित्रा म्हणाली, "काकू, आता मला हा गेम छोटा वाटत नाही." मग म्हणाली, "तुम्ही हळू खेळता म्हणून असेल."
पुढे कारखान्याच्या दारात पोचतोय तर लाईट गेली. गिरणी बंद, गेम बंद. पुन्हा पहिल्यापासून. ह्यांना वाईट वाटलं असेल म्हणून बघितलं, तर अंधारात हसत होते.

२४ मार्च, बुध.
गड. पाडव्याची गर्दी ओसरली आहे, यात्रा अजून सुरू व्हायची. गिरणीला कुलूप, दारावर पाटी ह्यांच्या अक्षरात.
गडावर एस.टी.ने. मग पायऱ्या. पहिल्या वळणापर्यंत हे सवयीने पुढे. मला वाटलं, गेले. एवढ्यात थांबले, मागे वळले. इतक्या वर्षांत पायऱ्यांवर मी ह्यांचं तोंड उतरताना बघितलंय, चढताना पहिल्यांदा. घामाघूम. हेही म्हातारे झालेत, पाठीवरून कळत नव्हतं.
मग माझ्या शेजारून चढायला लागले. "चढू?" म्हणाले हळूच. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर. "चढा."
निम्म्याच्या थोडं वर गुडघ्याने दगा दिला. कठड्याला टेकून बसले. पाणी, गोळी, पुन्हा प्रयत्न. नाही.
म्हटलं, "तुम्ही जाऊन या. मी बसते इथे. नारळ वाहून या माझा."
हे शेजारी बसले. नारळाची पिशवी मांडीवर.
"जा ना हो. ऊन वाढेल."
समोर दरीकडे बघत म्हणाले, "पडदा सरकत नाही."
येणारे जाणारे बघत बसलो. एक बाई उतरताना प्रसाद देऊन गेली, तो दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. खूप वेळ बसलो. मग उतरलो, मी एक हात कठड्याला, एक ह्यांच्या खांद्याला. खालून हात जोडले. नारळ तसाच परत आणला, फोडायला मन होईना.
दर्शन झालं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, म्हणून बसमध्ये वाट बघत होते त्याची. घाटात झोपच लागली.

२७ मार्च
गुडघ्याची सूज उतरली. डॉक्टर सोमवारी बघतो म्हणाले, फोटो काढायचा आहे, मग काय ते सांगतील. हे विचारत होते नवरात्रापर्यंत काय काय करता येईल. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिलाय, हे स्वतःही करतात माझ्याबरोबर, खाटेला धरून. गुडघे ह्यांचे ठणठणीत.
पगारेंनी विचारलं, "झालं का दर्शन?" हे म्हणाले, "अडीच किलो झालं."
नारळ देव्हाऱ्यात आहे.
गेममध्ये काल राक्षसापर्यंत गेलो. तिथे दोघंही मेलो. बरोबरच.
संध्याकाळी पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत. मी हळू. हे पुढे गेले, सवय कुठे जाते. मग विजेच्या खांबापाशी थांबून त्यावरचं पोस्टर वाचत उभे राहिले. मी पोचेपर्यंत वाचत होते.
म्हटलं, "कसला कार्यक्रम आहे?"
"बघतोय."
पोस्टर मागच्या वर्षीचं होतं. मीही उभी राहिले, सगळं वाचलं.