डिप्राइव्ह्डला पर्यायी बारा शब्द

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून संकल्प. खात्याची परीक्षा २८ तारखेला. यंदा पास व्हायचंच. चार वेळा इंग्रजीच्या पेपरने दगा दिला. चूक माझी नाही, पेपर काढणाऱ्याची भाषाच जुनाट.
परवा साहेबांनी माझं पत्र परत पाठवलं. विम्याचा दावा नाकारल्याचं साधं उत्तर होतं. एका पानात 'डिप्राइव्ह्ड', म्हणजे वंचित, सात वेळा आला म्हणे. इंग्रजीत याला दुसरे शब्द आहेत, जरा शोधा, म्हणाले. शोधतो. रोज एक शब्द, त्याचं एक वाक्य. बारा दिवसांत बारा शब्द. मग साहेब पत्र फ्रेम करून लावतील.
ही काल बहिणीकडे गेली. बहिणीचा गुडघा दुखतो. आठवडाभर घर शांत. अभ्यासाला असा योग पुन्हा येत नाही.

मंगळवार, ४ मार्च
डिव्हॉइड. म्हणजे अजिबात नसलेला. पुढे 'ऑफ' लागतो. वाक्य: द रूम इज डिव्हॉइड ऑफ फर्निचर. लिहिता लिहिता सहज खोलीकडे पाहिलं तर शिलाई मशीन दिसेना. हिला फोन केला. बहिणीकडे उसवलेले कपडे साठलेत, म्हणून नेलं, म्हणाली. मशीन लोखंडी आहे, पायाने चालवायचं. टेम्पो केला असणार. बहिणीवर इतकी माया मी कुठे पाहिली नाही.

गुरुवार, ६ मार्च
काल शब्द झाला नाही. भात करपला, पातेलं घासण्यात संध्याकाळ गेली. आज दोन करून टाकले. बेरेफ्ट आणि लॅकिंग. बेरेफ्टमध्ये दुःख असतं, म्हणजे आधी होतं आणि मग गेलं. लॅकिंगमध्ये नुसतं कमी. रडारड नाही. मला लॅकिंग आवडला. सभ्य शब्द आहे.
आमच्या टायपिस्ट बाईंनी डब्यात डोकावून विचारलं, रोज ब्रेड आणि उकडलेलं अंडंच कसं, घरी सगळं ठीक ना. परीक्षेसाठी आहे, मेंदूला चांगलं, म्हटलं. त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाजी झाकणावर काढून दिली. खाल्ली. चव आठवत नाही.

शनिवार, ८ मार्च
लेकीचा फोन. परगावी नोकरीला असते, एरवी आईशीच बोलते. बाबा, आई मावशीकडे का गेलीय माहीत आहे ना, असं विचारलं. म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, मावशीचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत, रोज सकाळी तळ्याला चार फेऱ्या मारते. म्हटलं, मग आईच्या हाताचा गुण आला म्हणायचा. फोन कट झाला. तिच्याकडे नेटवर्क खराब असतं.

सोमवार, १० मार्च
डिनाइड. मागितलं आणि समोरच्याने नाही म्हटलं. शुक्रवारी गेलेल्या नव्या पत्रात तीनदा घातला होता. साहेब खूश, निदान काही बोलले नाहीत.
दुपारी, ज्यांचा दावा होता त्या म्हाताऱ्या बाई तेच पत्र घेऊन खिडकीशी आल्या. अर्थ सांगा म्हणाल्या. मी डिनाइड आणि डिप्राइव्ह्डमधला फरक नीट समजावला, दहा मिनिटं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, म्हणजे मिळणार नाही, एवढंच ना? मग पान भरून कशाला लिहिलंत? अशिक्षित लोकांना बारकावे कळत नाहीत.
चार शब्द झाले. वेळापत्रकाच्या मागे आहे, पण पाया पक्का.

गुरुवार, १३ मार्च
रजिस्टर्ड पोस्टाने पाकीट. वकिलाचं. दोन पानं, इंग्रजीत. हिला कायमचं वेगळं राहायचं आहे, असा एकूण मजकूर.
पहिल्यांदा वाचताना भाषेकडेच लक्ष गेलं. 'माय क्लायंट हॅज बीन डिप्राइव्ह्ड ऑफ कन्व्हर्सेशन फॉर नाइन्टीन इयर्स.' म्हणजे हिला एकोणीस वर्षं संभाषण मिळालं नाही. कन्व्हर्सेशनला डिप्राइव्ह्ड चालतो का, कोशात पाहिलं. चालतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, म्हणजे पहिली सात वर्षं आम्ही बोलत होतो. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे.
पुढच्या परिच्छेदात पुन्हा डिप्राइव्ह्ड. मग पुन्हा. एकूण पाच वेळा. वकील असून एक पर्यायी शब्द येऊ नये! लाल पेन घेऊन बसलो. एके ठिकाणी डिनाइड केलं, एके ठिकाणी बेरेफ्ट. वाचायला खूप सुधारलं.
बाकी काही वाटलं नाही. वाटेल म्हणून थोडा वेळ थांबलो. मग कपडे वाळत घातले.

शुक्रवार, १४ मार्च
दुरुस्त केलेली नोटीस वकिलाला परत पाठवली. सोबत नम्र पत्र. ही वाचेल तेव्हा तिला बरं वाटेल. कुणीतरी मनापासून वाचलंय हे कळेल.

मंगळवार, १८ मार्च
वकिलाचा फोन. तुमचं उत्तर काय, मान्य की अमान्य, एवढंच विचारत होता. तिसऱ्या परिच्छेदात एक 'ऑफ' राहिलाय, हे मी त्याच्या नजरेस आणून दिलं. तो म्हणाला, बाईंनी तुमची प्रत वाचली. काय म्हणाली, विचारलं. आधी खूप हसल्या, म्हणाला. मग? मग हसत नव्हत्या. एवढं बोलून त्याने फोन ठेवला.
आज शब्द नाही. उद्या तीन.

बुधवार, २६ मार्च
मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. डेस्टिट्यूट, म्हणजे कफल्लक, पाठ केला, दोनदा विसरलो. संकल्प बारावरून सहावर आणला. सहा नीट आलेले बरे.

शुक्रवार, २८ मार्च. दुपारी ४
पेपर झाला. तिसरा प्रश्न डिप्राइव्ह्डचाच! पाच समानार्थी शब्द द्या, प्रत्येकाचं स्वतःचं वाक्य लिहा. शब्द धडाधड आले. वाक्यं करायला घेतली. पहिलं 'शी'ने, म्हणजे 'ती'ने, सुरू झालं. दुसरंही. तिसऱ्यात इंग्रजी 'ही', म्हणजे 'तो', घालायचा ठरवला, लिहिलं गेलं 'शी'. पाचही तशीच झाली. वाचून पाहिली, व्याकरणात चूक नव्हती. पुढचे प्रश्न सोडून दिले. अर्धा तास आधीच पेपर देऊन बाहेर आलो. बाहेर ऊन होतं. बराच वेळ कुठल्या बाजूला घर आहे ते आठवेना.

रविवार, ३० मार्च. सकाळी ११.३०
ही आली होती, राहिलेले कपडे न्यायला. बहिणीचा नवरा खाली गाडीत थांबला. पिशवी भरून झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. पेपर कसा गेला, विचारलं. बरा, म्हटलं. ती माझ्याकडे बघत होती. घाई नव्हती तिला, पाच मिनिटं तरी बसली असेल. मी बोलायला काहीतरी बरंच शोधलं. शेवटी विचारलं, पंखा लावू का?
नको, निघते, म्हणाली.
जिन्यावरची पावलं खालपर्यंत ऐकली. मग पंखा लावला. थोड्या वेळाने गार वाटायला लागलं, म्हणून बंद केला.