लमाणीण, जिल्हा बीड

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडायला माझ्या जोडीला आता कुणी उरलेलं नाही. म्हणून एकटीच चिडते आहे आणि लिहिते आहे.

अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तिथं छावणीच्या रस्त्यावर आपलं फोटोचं दुकान होतं. घोडेस्वार मिशांना पीळ भरून यायचे आणि काळ्या कापडात डोकं घालून तुम्ही त्यांनाही दम द्यायचात, "हलायचं न्हाई." मी विसाव्या वर्षी पांढरं लुगडं नेसून माहेरी परत आले होते आणि दुकानामागच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. तीन वर्षांत तुम्ही माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला पाहवत नाही.

आणि मग ती सकाळ. तांड्यावरून डिंक विकायला येणारी लमाणीण चुलीपाशी बसली आहे. तुम्ही दारात उभे राहून तिला म्हणता, "पोरीला एकदा रंगीत कपड्यात बघायचंय. हिची माय असती तर तिनं केलं असतं. तुझा घागरा दे घटकाभर."

तिला संशय आला. "फोटू न्हाई ना काढायचा, दादा? साहेब आलता तांड्यावर डबा घेऊन. समद्या बाया पळून गेलत्या."

"काढीन, पण घरात ठेवायला. माझ्या पोरीचा हाय, तुमचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन आली. आरशांचा घागरा, कांचोळी, ओढणी. मनगटापासून कोपरापर्यंत तिनं मला शिंगाच्या बांगड्या भरल्या आणि थांबली. कोपराच्या वरच्या बांगड्या नवरा असलेलीनंच घालायच्या, आणि नवरा आहे तोवर उतरवायच्या नाहीत. ती माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या दंडावरच्या उतरवल्या आणि माझ्या दंडावर चढवल्या. "घाल बाई. कोण बघतंय," म्हणाली.

अंगणात तुम्ही मला उभं केलंत. "वर बघ," म्हणालात आणि कापडाबाहेर येऊन माझ्याकडे डोळे भरून पाहिलंत. माझा बाप मला बघतो आहे, एवढंच माझ्या मनात होतं. पुढं कितीतरी वर्षं, कुणी मला टाकून बोललं की मी ते अंगण आठवायची आणि मला बरं वाटायचं.

नंतर शिकून मी बीडला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. एकदा हैदराबादेहून शाळेला एक जाड पुस्तक आलं, मुलुखातल्या जातीजमातींच्या फोटोंचं. मुली पानं उलटत होत्या. एक ओरडली, "बाई, ही तर अगदी तुमच्यावानी दिसती!" खाली छापलं होतं, लमाणीण, जिल्हा बीड. वर्ग हसला. मीही हसले, काय करणार.

सुट्टीत आले तेव्हा तुम्ही फोटोच्या काचेवर पेन्सिलनं कुणाच्या तरी गालावरचा देवीचा व्रण बुजवत होतात. मी विचारलं. मान वरही न करता तुम्ही सांगितलंत, "साहेबाला त्या पुस्तकासाठी महिन्याभरात लमाणीण पायजे व्हती. त्या बाया उभ्या राहीनात. मग काय करू?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर ते आलं नसतं."

आबा, हे वाक्य मला जन्मभर पुरलं. फसवलंत ते फसवलंत, वर माझ्या आनंदाचीही तुम्ही आधीच बेरीज करून ठेवली होती. माझं दुःख पुढं करून त्या बाईचा घागरा मागून आणलात. तिनं जे तोंडावर नाकारलं, तेच तिच्या कपड्यांत, तिच्या जातीच्या नावानं छापून दिलंत. ती पुढंही डिंक घेऊन यायची, माझी खुशाली विचारायची. मी तिला काही सांगितलं नाही. तेवढ्यापुरती मीही तुमचीच लेक निघाले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट कुणाला कधी बोलले नाही. त्या पुस्तकातलं ते पान मी शाळेतून फाडून आणलं. तुमचं खोटं झाकावं म्हणून नाही, आणि त्या बाईसाठीही नाही.

त्यात मी फार छान दिसते, आबा.