काकूंच्या मोदकांचा फोटो

पिस्कॅटवे, न्यू जर्सी

ती. विनीतामावशीस,

आसावरीचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरला आहे, तेव्हा सध्या मनातल्या मनात). मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला सगळं लख्ख दिसायला लागलं हे वाचून बरं वाटलं. मला मात्र जिकडेतिकडे अंधार दिसतो आहे.

सॉफ्टवेअरची नोकरी सोडून फोटोग्राफीचा धंदा काढला, त्याला दोन वर्षं झाली. राजीवने (तुझा जावई, स्वभावाने गरीब, पण तारखांचा पक्का) दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर एक तरी कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर मी निमूटपणे ऑफिसात. दोन वर्षांत काय काय टिपलं म्हणशील, तर एका दातांच्या डॉक्टरसाठी एकशे चाळीस जबडे (त्यातला एक परवा भाजीच्या दुकानात भेटला, हसला तेव्हा ओळखला). विकायला काढलेली घरं. तिथे आधी चपलांचा ढीग आणि आजोबा गॅरेजमध्ये हलवावे लागतात. शिवाय नोकरी शोधणारे इंजिनिअर. त्यांना चेहऱ्यावर आत्मविश्वास हवा असतो, आणि माझ्याकडे स्वतःपुरताही उरलेला नाही.

अशात तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीने, सुनेत्राकाकूंनी, फ्रोझन उकडीचे मोदक विकायचं मनावर घेतलं. पाकिटांवरचे सगळे फोटो, पुढची दोन वर्षं, मी काढायचे असं ठरलं. पहिला फोटो मात्र गणेश चतुर्थीलाच, कारण काकूंच्या कळ्या त्या दिवशी जशा पडतात तशा एरवी पडत नाहीत. त्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात मी एकवीस देखणे मोदक निवडले. मावशी, आमच्या धंद्यात खाण्याचा फोटो म्हणजे खाण्याची वस्तू नव्हे. साजूक तूप एसीत थिजतं, म्हणून मी त्यावर शिलाई मशीनचं तेल सोडलं. वर चमक टिकावी म्हणून केसांचा स्प्रे मारला. फोटो असा आला की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मग मी फोटोचे दिवे गाडीत ठेवायला गेले.

परत येते तो आरती संपलेली. काकूंनी ओट्यावरचं सगळ्यात सुंदर ताट उचलून नैवेद्य दाखवला होता (देवाला सगळ्यात चांगलं द्यायचं, हे मला सुचायला नको?) आणि वीस जणांच्या तळहातावर एकेक मोदक होता. मी सगळं सांगून टाकलं. तेलाचा ब्रँडसुद्धा सांगितला, का ते माहीत नाही. प्रसाद खाता येईना आणि टाकताही येईना. वीस माणसं हात पुढे करून उभी राहिली. राजीवने आपला आधीच संपवला होता; जरा वेगळी चव लागली म्हणाला. काकू देवापुढे बसल्या आणि मूर्तीकडे बघत हळूच म्हणाल्या,

"अगं, त्याला आधी सांगायचं होतंस."

काकूंचे यजमान श्रीरामकाका पोटाचे निवृत्त डॉक्टर. त्यांनी राजीवला तपासून सोडून दिलं आणि मोदक गॅरेजमधल्या बादलीत गणपतीबरोबर विसर्जित करायचं ठरवलं. माझं कामही त्याच बादलीत गेलं. मला फार लाज वाटते गं. कॅमेरा विकायला काढते आहे. सोमवारी इंटरव्ह्यू आहे.

तुझी,
आसावरी

ता. क. कॅमेरा अजून विकायला काढलेला नाही. तू काकूंच्या शेजारी बाकावर बसायचीस ना? एक फोन कर. मी साजूक तुपात पुन्हा फोटो काढीन म्हणावं, फुकट.

ता. क. २ : फोन करू नकोस, काकूंचाच आला. मोदकांचं नाव काढलं नाही. त्या दिवशी दिवे लावताना मी सहज एक फोटो घेतला होता. काकूंचे हात पिठाचे, म्हणून काका त्यांचा चष्मा वर सरकवत होते. तो मोठा करून हवा आहे म्हणाल्या. या देशात चाळीस वर्षं झाली, पण फोटोत दोघं एकत्र कधीच नाहीत, कारण एकाला कॅमेरा धरावा लागायचा. त्या रडत होत्या. मीही रडले. मग सोमवारचा इंटरव्ह्यू कॅन्सल केला.

राजीवला तू सांग. तुझं तो ऐकतो.